अकरा नंबरचा आवाज

आश्विन संपत आला की कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात डोंगर एक पाऊल पुढं सरकतात. पावसाळाभर ढगात तोंड खुपसून बसलेला माथेरानचा डोंगर एका सकाळी असा परसदारी येऊन उभा राहतो की त्याच्या उतारावरचे कुर्डूचे तुरे हात लांबवून खुडावेत. आणि डोंगर पुढं आला की त्याच्या पाठोपाठ रानडुकरं येतात. आमच्या वाडीत एका साली एक डुक्कर एवढं थोरलं उतरलं होतं की त्याचं तोंड खाजगी खाचरात आणि शेपूट सरकारी जंगलात होतं. पंचनामा तलाठ्यानं करायचा की फॉरेस्ट गार्डानं, यावर दोघांचं जमेना. तेवढ्या वेळात डुकरानं दोघांच्या देखत दोन खाचरं संपवली आणि ढेकर देऊन ते शेपटाकडच्या बाजूनं निघून गेलं.

आज तसाच दिवस आहे. सकाळी खोपोलीच्या रस्त्यानं सायकल मारत येताना दोन्ही अंगाला भात वाकलं होतं. दाण्यातलं दूध आटून तो टणक होतो तेव्हा एक वास सुटतो. कोमट, थोडा कोंड्यासारखा, थोडा निजलेल्या जनावराच्या अंगासारखा. त्या वासानं पाय थांबले. बांधाला सायकल टेकवली आणि कान दिला. कापणाऱ्या बायांचं बोलणं, विळ्यांची खसखस, घाटाखालून इंजिनाची शिट्टी, सगळं होतं. तरी मी उभाच. पंचवीस वर्षं झाली, दर आश्विनात मी असा कुठल्या ना कुठल्या बांधावर उभा राहतो. लोकांना वाटतं, गंगाराम पीक बघतोय. मी बघत नसतो.

खळ्याचा कुत्रा म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. आमच्या वाडीचं खळं एकच, सगळ्यांत मिळून. शेणानं सारवलेलं, मधे झोडणीचा ओंडका, कडेला भाऱ्यांच्या उडव्या. त्या खळ्याचा एक कुत्रा असायचा. तो कुणाच्या दारात बसायचा नाही. भाकरी पाळीनं, आज आमच्या घरची, उद्या शेजारची. त्याला नाव नाही, कारण नाव दिलं की मालकी आली. गळ्यात दोरी नाही, कारण दोरीला दुसरं टोक असतं. अंगानं तांबूस, कपाळावर राखेचा हात पुसल्यासारखा पट्टा, आणि आवाज असा की तो भुंकला की इर्शाळच्या सुळक्यावरची घार जागा बदलायची. एकदा तो शिंकला तर आमच्या शेजाऱ्याच्या छपराचं एक कौल निसटलं होतं. भुंकल्यावर काय होत असेल ते ताडा.

आणि कुणी परका विचारायला लागला, कुत्रा कुणाचा, तर वाडीतलं लहानथोर एकच उत्तर द्यायचं, "कुनाचा नाय."

त्यामागं गोष्ट होती. फार पूर्वी खळ्याचा एक राखणदार भारा अंगावर पडून खळ्यातच मेला. तेव्हापासून त्या खळ्याची राखण तोच करतो, आणि कुत्रा त्याचा. जो कोणी त्या कुत्र्याला माझा म्हणेल, त्यानं मेल्यावर त्या राखणदाराला सुटी द्यायची आणि स्वतः खळ्यावर बसायचं. छप्पन साली आमच्या बापानं घरातले देव स्वतःच्या हातानं नदीत सोडले. देव्हाऱ्याच्या फळीवर त्यानं माझी पुस्तकं मांडली. देव निमूट गेले. ही समजूत मात्र कुणी पाण्यात सोडली नाही, कारण ती देव्हाऱ्यात नव्हतीच. ती जिभेवर होती. बाप सभेत तासतासभर बुद्धिवादावर बोलायचा, आणि येताना वाटेत कुत्रा दिसला तर त्याच्यावरची नजर काढून घ्यायचा.

त्या वर्षी मी चोवीस वर्षांचा होतो. मॅट्रिक तिसऱ्या हिसक्याला पास झालेला. खालापूरच्या अलीकडे ओढ्याकाठी एका पारशी शेटचा बंद बंगला होता. एकवीस खिडक्या, आणि एकीतूनही वारा आत येत नसे. तो मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरी कॉलेजानं संशोधनासाठी घेतला होता. मी तिथं मदतनीस. दिवाळीनंतर कायम करू, असं डॉक्टर टिपणीसांनी सांगितलं होतं. कायम या शब्दासाठी त्या काळी मी डोंगरसुद्धा ढकलला असता. पण तो आधीच सरकत होता म्हणून राहिला.

डॉक्टर टिपणीस हा फार मऊ माणूस. बोलणं असं की कापसावर कापूस पडावा. बंगल्यात ते बूट काढून मोजे घालून फिरायचे, कुत्र्यांना त्रास नको म्हणून. संशोधन होतं कुत्र्याच्या लाळेवर. लाळ केव्हा सुटते, किती सुटते, समोर खाणं नसतानाही सुटते का. मागच्या पत्र्याच्या पडवीत बारा कुत्रे, बारा लाकडी चौकटींत, पट्ट्यांनी उभे बांधलेले. प्रत्येकाच्या गालाला बारीक भोक, भोकातून नळी, नळीखाली काचेचं भांडं. भिंतीजवळ एक लाकडी यंत्र होतं, मेट्रोनोम नावाचं. घड्याळासारखं, पण आकडे नसलेलं, काटा वर करून टक टक हलणारं. आम्ही त्याला टकटक्या म्हणायचो. आधी टकटक, मग मांसाची भुकटी घातलेला भात. पंधरा दिवस असं केल्यावर एके दिवशी नुसती टकटक केली. भात नाही, भाताचा वास नाही, भाताचं भांडंसुद्धा खोलीबाहेर. बारा नळ्यांतून एकदम थेंब पडायला लागले. टप, टप, टप.

मी थेंब मोजून वहीत लिहायचो. मोजताना मला एक खोड लागली. मान वर करून कुत्र्यांकडे बघायचं नाही, फक्त काचेकडे. कारण वर पाहिलं की ते सगळे माझ्याकडेच बघत असायचे. टकटक्याकडे नाही, दाराकडे नाही. माझ्याकडे. जणू मोजणी तिकडूनही चालली होती. पुढं पुढं तर डॉक्टरांची जीप कर्जतचं रेल्वे फाटक ओलांडायची आणि इथं पहिला थेंब पडायचा. मी हे घड्याळ लावून पाहिलंय. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, "गंगाराम, वहीत फक्त थेंब लिहा."

पण थेंब ऐकू येत होते ते का, हे अजून सांगायचं राहिलं. बारा कुत्रे एका पत्र्याखाली असताना थेंब ऐकू येतो कसा? एक भुंकला की अकरा भुंकणार, आणि भुंकताना लाळेचा हिशेब बिघडतो. म्हणून पडवीत आणण्याआधी प्रत्येकाला भूल देऊन त्याच्या घशातल्या आवाजाच्या पट्ट्या कापून टाकायचे. जबडा मी धरायचो. डॉक्टर चिमटा हातात घेऊन आधी कुत्र्याच्या कानात म्हणायचे, "माफ कर हं, गड्या." दर वेळी. मनापासून.

भुंकताना कुत्र्याचं सगळं अंग भुंकतं हे मला तिथं कळलं. पुढचे पाय उचलतात, छाती आपटते, कान मागं जातात, दात दिसतात. हे सगळं व्हायचं. फक्त शेवटी जे यायला पाहिजे ते यायचं नाही. फार तर सायकलच्या नळीतून निसटावा तसा फुस्स वारा. भर दुपारी ओढ्यापलीकडून एखादा गुराखी जायचा आणि बारा तोंडं एकदम उघडायची, मिटायची, उघडायची. पत्र्यावर ऊन तडतडायचं. बाकी गप्प. पहिल्या दिवशी मी माझ्या दोन्ही कानांत बोटं घालून बाहेर काढली. मला वाटलं, बिघाड माझ्यात आहे.

अकरावा कुत्रा आणायला आम्ही जीप घेऊन आमच्याच वाडीत गेलो. डॉक्टरांचा नियम कडक होता. पाळलेला कुत्रा घ्यायचा नाही, मालकाचं मन दुखवायचं नाही. खळं नुकतं सारवलेलं होतं, ओल्या शेणाचा वास होता, आणि तो तांबूस कुत्रा कडेला उन्हात पडला होता. वडाखाली पाच-सहा माणसं बसलेली. डॉक्टरांनी हात जोडून विचारलं, "हा कुत्रा कोणाचा?"

"कुनाचा नाय," सगळे म्हणाले.

"नक्की?"

"आता इतक्या जनांनी सांगितला ना सायब. कुनाचा नाय."

त्यांच्यातल्या एकानंही खोटं सांगितलं नव्हतं, आणि जीप कशाला आली आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. डॉक्टर माझ्याकडे वळले. "गंगाराम, तुमची वाडी ना ही? बेवारशी आहे ना खरंच?"

मला दोन्हीकडची भाषा येत होती. वाडीत कुनाचा नाय म्हणजे काय आणि डॉक्टरांच्या वहीत बेवारशी म्हणजे काय, हे त्या वडाखाली फक्त मला माहीत होतं. दिवाळी वीस दिवसांवर होती.

"बेवारशी, साहेब," मी म्हणालो.

त्याला उचलताना तो भुंकलासुद्धा नाही. माझ्या हाताला वाडीचा वास येत होता, म्हणून विश्वासानं आला. जीपमध्ये त्यानं माझ्या मांडीवर हनुवटी ठेवली. दुसऱ्या दिवशी मी ती हनुवटी वर उचलून धरली आणि डॉक्टरांनी माफी मागितली. चौकटीवर खडूनं अकराचा आकडा घातला. त्याच्या आयुष्यातलं ते पहिलं नाव.

इकडे कापणी सुरू झाली होती. खळ्यावर पहिले भारे आले, आणि तिन्हीसांजेला कुणाच्या तरी ध्यानात आलं की काहीतरी कमी आहे. वाडीतले घरचे कुत्रे होते, पण तेही गप्प झाले. खळ्याचा पहिला भुंकल्याशिवाय बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही, अशी त्यांची काही शिस्त असावी. धुकं ओढ्यावरून वर चढायचं, खळ्याभोवती फिरायचं आणि उडव्यांच्या मधे बसायचं. आवाज नसला की धुक्याला किती जागा मिळते.

वाडीत सगळ्यांत शेवटचं शेत हौसाआत्याचं. नवरा मागंच गेलेला, मूल नाही. जंगलाला लागून एकच चिंचोळा तुकडा. वर्षाचं तिचं खाणं त्यातच. गरवं भात, उशिरा तयार होणारं, म्हणून सगळ्यांची कापणी झाली तरी तिचं उभं. डुकरांनी सुरुवात तिथूनच केली. पहाटेच्या धुक्यात येऊन गेली आणि एका कोपऱ्यातलं भात गाढव लोळल्यासारखं आडवं. आत्या शेतातल्या राखणीच्या माळ्यावर बसून तेलाचा डबा बडवायला लागली. पहिल्या दिवशी डुकरं पळाली. दुसऱ्या दिवशी थांबली. तिसऱ्या दिवशी ती डब्याच्या तालावर खायला लागली. आत्यानं हात आखडला की ती चावायची थांबायची, आणि पुन्हा वाजवायची वाट बघायची. हे आत्यानं मला सांगितलं, आणि ती माझ्यासारखी नव्हती. ती वाढवून सांगायची नाही.

एका दुपारी ती बंगल्यावर आली. डोक्यावर पदर, हातात फडक्यात बांधलेली भाकरी.

"कुत्रा हितं हाय म्हनं," ती म्हणाली.

"कुनी सांगितला?"

"वाडीत माज्या कानात वारासुदा सांगतो. सर बाजूला. आज माजी पाळी हाय."

आज तिची भाकरीची पाळी होती, म्हणून ती खालापूरपर्यंत चालत आली होती. मी तिला पडवीत नेलं. न्यायला नको होतं, पण भाकरी हातात घेऊन उभ्या असलेल्या बाईला नाही कसं म्हणायचं, हे मॅट्रिकला शिकवत नाहीत. अकरा नंबरनं तिला पाहिलं. पट्टे ताणले, छाती आपटली, तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. बाकीच्या अकरांनीही उघडली. आत्या त्या तोंडांच्या रांगेसमोर उभी राहिली. तिनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, मग पत्र्याकडे, मग माझ्याकडे.

"गंग्या," ती हळू म्हणाली, "ह्याचा आवाज कुटं ठेवलास रं?"

कापून टाकला, बादलीतून ओढ्यात गेला, असं मी सांगायला हवं होतं. पण माझी जीभ जन्मापासून सरळ रस्ता सोडून बांधाबांधानं जाणारी. शिवाय तिनं 'कुठं ठेवलास' असं विचारलं होतं. ठेवलेली वस्तू परत मिळते.

"बर्फात," मी म्हणालो. "बाटलीत घालून. कर्जत टेसनावर बर्फाची लादी येते ना रोज, ती कशाला येते? सगल्यांचे आवाज हायेत कपाटात. काम झाला का परत घालतात."

"नीट झाकून ठेवलाव ना?"

"बूच लावून."

ती बरं म्हणाली. भाकरी मोडून त्याला भरवली. नळीतून एवढी लाळ आली की भांडं भरून वाहिलं, आणि मी ती कुठल्याच रकान्यात लिहिली नाही.

दोन दिवसांत वाडीभर झालं की आवाज बर्फात आहेत. आणि मग लोकांना ते ऐकू यायला लागले. तिन्हीसांजेला भारे वाहताना माणसं मधेच थांबायची. "ऐकलास? बंगल्याकडून आला. बारीक, बाटलीतून आल्यासारका." मी हसायचो. थाप माझी, तिचे कान-डोळे मला ठाऊक. पण एका संध्याकाळी बंगला बंद करताना बर्फाच्या पेटीपाशी आलो. पेटीत औषधं आणि लाकडाचा भुसा, एवढंच. मीच भरली होती. पडवीत बारा कुत्रे तोंडं मिटून उभे होते. आणि पेटीतून, भुशाखालून, लांबून हाक यावी तसं काहीतरी आलं. बर्फ तडकतो, हे मला माहीत आहे. पाव मिनिट मी स्वतःला तेच सांगत उभा राहिलो. मग मी झाकण उघडायच्या ऐवजी त्याच्यावर बसलो. का बसलो, हे मला अजून सांगता येत नाही. आतून थोडं गार लागत होतं, आणि थोडं हलत होतं.

त्यानंतरच्या सोमवारी डॉक्टर म्हणाले, "गंगाराम, अकराचं काम पूर्ण झालं. शुक्रवारी सकाळी उघडू त्याला. ग्रंथी बघायच्यात." उघडू म्हणजे पुन्हा मिटायचं नाही, हे मला कळत होतं. मी उगाच विचारल्यासारखं विचारलं, "साहेब, मधेच कोणी मालक आला तर?"

"मालक आला तर काय प्रश्न?" ते म्हणाले. "रजिस्टरात लिहून द्यायचं, कुत्रा माझा आहे, आणि घेऊन जायचं. आपण चोर आहोत का?"

रजिस्टर माझ्याच टेबलावर असायचं. दौत, टाक, टीपकागद, सगळं माझ्या हाताशी. तीन शब्द. कुत्रा माझा आहे. मी टाक बुडवला आणि त्याचं टोक वाळेपर्यंत धरून बसलो. नोकरी जाईल ही एक भीती होती, ती मी कुणालाही मोकळेपणानं सांगतो. दुसरी भीती खळ्यावरची. देव नसलेल्या घरातला, मॅट्रिक झालेला, शास्त्रज्ञाच्या हाताखालचा मी. आणि पंख्याखाली घामानं भिजत होतो. मेल्यावर अखंड त्या धुक्यात बसायचं, सगळी घरी गेल्यावर.

संध्याकाळी मी आत्याच्या शेतावर गेलो आणि शुक्रवारचं सांगून टाकलं. ती माळ्यावर बसली होती. भात अर्धं उरलं होतं.

"मालक आला तर सोडतात," मी म्हणालो.

"मंग तू सांग की माजा म्हनून. तूच नेलास."

मी वाकून पायाशी आडवी झालेली लोंबी सरळ करायला लागलो.

"भ्यालास व्हय?"

"नोकरीचा हाय, आत्या..."

"नोकरी दिसा असते, गंग्या. तुजा चेहरा तिन्हीसांजचा झालाय," ती म्हणाली, आणि डबा बडवायला लागली.

शुक्रवारी मी पोचलो तेव्हा ती दारात होती. हातात सुंभाची दोरी. डॉक्टर हात धुऊन, मोज्यांवर बाहेर आले. आत्यानं त्यांना नमस्कार केला आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "तांबडा कुत्रा माजा हाय."

मी तो शब्द कुणाच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो. वाडीत जन्मलेला कुणीही तसाच दचकला असता. बाहेर ऊन होतं, ओढा चालला होता, काहीही झालं नाही. पण आत्याच्या खांद्यावरचा पदर असा जरासा खाली बसला, जसा कुणीतरी हात ठेवल्यावर बसतो. माझे डोळे तेव्हा पाण्यानं भरले होते, म्हणून शपथ घेत नाही.

डॉक्टरांना खरंच वाईट वाटलं. "अहो, आधी का नाही सांगितलंत, बाई? आम्ही विचारलं होतं."

"तवा कुनाचा नवता," आत्या म्हणाली. "आता हाय. लिव रं गंग्या."

मी लिहिलं. तिनं अंगठा उठवला. डॉक्टरांनी स्वतः नळी काढली, गालाला टाका घातला, आणि अकरा नंबरच्या गळ्यात खळ्याच्या इतिहासातली पहिली दोरी पडली. ओढ्यापर्यंत मी पोचवायला गेलो. पाण्यात पाय घालण्याआधी ती थांबली आणि तिनं हात पुढं केला.

"बाटली?"

कुत्रा आमच्या दोघांच्या मधे उभा होता, वर बघत. मी आयुष्यात हजार थापा मारल्या असतील, पण परत घेतलेली ती एकच.

"बाटलीबिटली काय नाय, आत्या. कापून टाकला. मीच धरला होता त्याला."

तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं कुत्र्याच्या गळ्यावरून हात फिरवला, खालून वर, जसं काही आत अडकलंय का बघावं. मग उभी राहिली.

"मंग तुजा दे," ती म्हणाली.

"काय?"

"आवाज. भात अजून आठ दिस उबा हाय. मेल्यावर मी राखनारच हाय, आज लिवून दिलाय. जिती हाय तवर तू भुंक."

मी भुंकायला गेलो. हो, गेलो. बंगला सुटला की सरळ आत्याच्या बांधावर. वाडीतल्या लोकांनी खूप हसून घेतलं, मग हसायचे थांबले. कारण संध्याकाळी लांबून दिसायचं ते असं. धुक्यात शेताच्या कडेला तांबडा कुत्रा उभा, छाती आपटून तोंड उघडतोय, आणि आवाज येतोय. आवाज त्याच्या तोंडापासून चार हात बाजूला होता, एवढंच. बायका भारे घेऊन जाताना मान खाली घालायच्या. माझी आईसुद्धा एकदा माझ्याकडे न बघता गेली. डुकरं मात्र जंगलाच्या कडेला येऊन उभी राहायची, ऐकायची, आणि परत जायची. दिवाळी आली आणि गेली. उरलेलं भात उभं कापलं गेलं. डॉक्टरांनी मला कायम केलं नाही. थेंब मोजणाऱ्या माणसाचा घसा इतका बसलेला का असतो, हे त्यांनी कधी विचारलं नाही, पण वहीतला एक रिकामा रकाना त्यांना सापडला होता. पुढं तो बंगला बंद झाला. आता त्याच्या खिडक्या मोजायला गेलो तर बावीस भरतात.

आत्या चार वर्षांनी गेली, आश्विनातच. कुत्रा तिच्या आधी गेला होता. तिचा तुकडा आता तिचा पुतण्या लावतो. आजूबाजूची सगळी शेतं डुकरं खातात आणि तो तुकडा सोडतात. तो म्हणतो, आपण औषध मारतो त्यामुळं. वाडीतल्या बाया म्हणतात, तिन्हीसांजेला तिथं बाईमाणूस खोकतं. मी दोन्हींवर मान हलवतो. तिकडून बोलावणं यायचं तर ते मलाच येणार, आणि अजून घसा धड नाही, असं सांगायची तयारी मी करून ठेवली आहे.

पण बांधावर कान देऊन उभा राहतो तेव्हा मला आठवतो तो त्या आठ दिवसांतला सहावा. बुधवार, बंगल्याला दिवाळीची सुटी. सकाळचं लख्ख ऊन होतं. धुकं नाही, डुक्कर नाही, डोंगरसुद्धा जागच्या जागी. आत्या कापत होती, मी पेंढ्या बांधत होतो. अकरा नंबर बांधावर बसला होता, गालावरचा टाका वाळत आलेला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि तोंड उघडलं.

मी भुंकलो.

त्यानं तोंड मिटलं. मी थांबलो. त्यानं जंगलाकडे पाहिलं नाही, वास घेतला नाही, कान हलवला नाही. नुसता माझ्याकडे बघत होता, पडवीत बघायचा तसा. थोड्या वेळानं त्यानं पुन्हा तोंड उघडलं, जरासंच. माझ्या घशातून आवाज निघून गेल्यावर मला कळलं की मी भुंकलोय. तिसऱ्या वेळी मी ओठ दातांखाली धरले. छाती आपटली, मान पुढं गेली, आणि आवाज आलाच.

आत्यानं विळा थांबवला. आळीपाळीनं आमच्या दोघांकडे पाहिलं.

"मोजतोय रं तो तुला," ती म्हणाली, आणि पुढचा मूठभर भात कापायला वाकली.